गादीचा कोपरा

सुरू

पडद्यावर भेटीची खोली. कोपऱ्यात खेळण्यांचं खोकं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत निळी, जाड फोमची गादी, मूल पडलं तरी लागू नये म्हणून. गादीवर दीड वर्षाची मुलगी. तिच्यापासून हातभर लांब तिचा बाप.

बाप सुतार आहे. तो बोलत नाहीये.

थांबवू नका, पुढे जाऊ द्या. तो पुढेही बोलत नाही.

मुलगी ठोकळा उचलते. बाप बघतो. मुलगी ठोकळा टाकते. बाप बघतो. त्याची बोटं खाली कुठेतरी चुळबुळ करतात. फिल्म संपते.

पडद्यासमोर दोघं बसलेत. एक कॅमेरेवाली. अडचणीत आलेल्या घरांना जाऊन मदत करणं हे तिचं काम. हातात कॅमेरा आला तसं ती काम करते त्या केंद्रातल्या लोकांनी हे नाव ठेवलं. दुसरा आकडेशास्त्री. कॅमेरेवाली फिल्म काढते, तो त्या फिल्मला गुण देतो.

"किती?"

"भोपळा."

"मागच्या वेळीही भोपळाच होता."

"त्याच्या आधीही. मी आता भाजीचं दुकानच टाकतो."

पद्धत सोपी होती. मूल काहीतरी करतं: बघतं, हात पुढे करतं, चिरकतं. मोठं माणूस त्याला उत्तर देतं का? दिलं, तर गुण. मग जमलेले क्षण तेवढे कापून आईबापांना दाखवायचे. हे बघा, इथे जमलं तुम्हाला. इथे परत जमलं. माणूस स्वतःला चांगलं वागताना बघतो आणि त्याला ते आणखी करावंसं वाटतं. ही कुणाच्या डोक्यातली टूम नव्हती. किती तरी घरांवर नीट तपासून, ताडून पाहिलेली गोष्ट होती. केंद्रात आल्यापासून कॅमेरेवालीनं या पद्धतीचा गुण स्वतः पाहिला होता. चिडखोर बाया मऊ झाल्या होत्या. एक आजोबा तर आपलीच फिल्म बघून रडले होते.

पण जमलेला क्षण दाखवायचा, तर तो आधी सापडायला हवा.

आणि वेळ उरला नव्हता. पुढच्या महिन्यात बैठक होती. मुलगी बापाकडे परत जाणार, की दुसऱ्या घरात कायमची वाढणार, हे तिथे ठरायचं होतं.

मागे

मुलीला घरी ठिणगी म्हणत.

तिची आई आजारात गेली. सुतार बसला तो बसलाच. करवत भिंतीला, माणूस खाटेला. ठिणगीचं वजन उतरत गेलं, आणि लसीला आलेल्या नर्सच्या ते ध्यानात आलं. ठिणगी मग मुलं सांभाळणाऱ्या मावशींकडे गेली. या मावशी म्हणजे केंद्राच्या विश्वासातल्या. अडल्यानडल्या मुलांना आपल्या घरात ठेवून घेणाऱ्या, हाताला मायाळू, तोंडाला फटकळ.

मग सुतार उठला. डॉक्टरकडे गेला, औषध घेतलं, कामाला लागला. घर आवरलं. ठिणगीसाठी पाळणा नाही, छोटी खाट केली, कडा घासून घासून गोल केलेली. वजनाचा प्रश्न मिटला. कानही तपासून झाले, उत्तम निघाले. एकच गोष्ट उरली.

"त्या घरात आजी जन्मापासून बहिरी," मोठ्या मॅडम म्हणाल्या होत्या. केंद्र त्या चालवत. "बाप तोंडात गूळ धरून बसलेला. मूल बोलायला शिकणार कुणाकडून? खाटेकडून?"

मावशींची तक्रार वेगळीच होती. "हाक मारली तर ढुंकून बघत नाही हो ही! आणि मी जिना चढायला लागले की आधी दारात हजर. मला तर वाटतं मला टाळते आणि माझ्या पिशवीची वाट बघते."

कॅमेरेवाली हसली होती. आणि विसरली होती.

आवाज बंद

दुपार. कॅमेरेवाली डबा उघडून बसलेली. समोर तीच फिल्म, चौथ्यांदा की पाचव्यांदा. फोन वाजला.

"जेवलीस का?" आई.

"जेवतेय." तिनं फिल्मचा आवाज बंद केला, चित्र चालू राहिलं.

"आवाज असा काय येतोय? घास तोंडात आहे ना? आधी गिळ. मी म्हणत होते, तुझ्या मामेभावाचं..."

आई बोलत राहिली. मामेभाऊ, त्याची नवी नोकरी, त्याच्या बायकोचा स्वभाव. कॅमेरेवाली हूं हूं करत होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातात घास. पेन धरायला तिसरा हात नव्हता, म्हणून आज पहिल्यांदाच मान वर होती.

पडद्यावर सुतार आत आला. बसण्याआधी वाकला, गादीचा कोपरा धरला आणि दुमडला. खालची लाकडी जमीन उघडी पडली. तो त्या फळ्यांवर बसला. मुलगी पाठमोरी, ठोकळ्यात गुंतलेली.

सुतारानं फळीवर बोटं आपटली.

मुलगी वळली.

"...आणि ती म्हणते कशी, सासूबाई..."

मुलगी परत ठोकळ्याकडे. सुताराची बोटं परत फळीवर. मुलगी वळली. हसली!

"हूं?" कॅमेरेवालीचा घास हातातच राहिला.

आता पडद्यात डावीकडून एक हात आला. हिरवी बांगडी. कॅमेरेवालीनं आपल्या मनगटाकडे पाहिलं. हिरवी बांगडी. तो हात तिचाच होता. त्या हातानं सुताराला जरा सरकायला लावलं, दुमडलेला कोपरा नीट केला, वरून थापटलासुद्धा. गादी पुन्हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

सुतारानं गादीवर बोटं आपटली. मुलगी वळली नाही.

पुन्हा आपटली. नाही.

मग त्यानं हात मांडीवर घेतला आणि नुसता बघत बसला.

"आई, ठेव."

"अगं पण ती सासूबाईंना..."

"आई, ठेव ना! ठेव, ठेव, ठेव!"

मागे, परत सुरू, परत मागे

"शास्त्री! गुण देताना तुझी मान कुठे असते?"

"कुठे म्हणजे? धडावर."

"कुठे बघतोस?"

"कागदावर. कानात हेडफोन, मान कागदावर. शब्द ऐकला की खूण करायची. सगळे तसंच करतात. प्रशिक्षण देणाऱ्या बाईही तसंच करायच्या."

"हे काढ. इकडे बघ. ऐकू नकोस, बघ."

शास्त्रीनं बघितलं. पहिल्यांदा त्यानं पेन खाली ठेवलं. दुसऱ्यांदा त्यानं खुर्ची पुढे ओढली. तिसऱ्यांदा त्यानं कॅमेरेवालीच्या डब्यातली पोळी न विचारता खाल्ली, आणि त्याला ते कळलंही नाही.

"तो तिला हाक मारतोय," शास्त्री म्हणाला.

"त्याची आई बहिरी. लहानपणापासून तिला हाक मारायची म्हणजे जमीन ठोकायची! फळीतून हादरा पायाला जाणवतो. मावशींचा जिना, शास्त्री! पावलांनी जिना हादरतो, म्हणून ती दारात जाते!"

"आणि आपण काय लिहिलंय?" शास्त्रीनं अहवाल उघडला. मोठ्यानं वाचला. "पालक अस्वस्थ. बोटांची सतत चुळबुळ. सांगूनही गादी दुमडतो."

त्यानं अहवाल मिटला.

"आपण दर भेटीत त्याच्या तोंडावर गादी टाकत होतो," कॅमेरेवाली म्हणाली.

हळू

मोठ्या मॅडमनी फिल्म पाहिली. चष्मा काढला. पुसला. घातला.

"सुतार आहे तो. लाकूड दिसलं की ठोकणारच. आमचे शेजारी गवंडी आहेत, ते लग्नातसुद्धा भिंतीला ओळंबा लावून बघतात."

"पण ती वळते, मॅडम!"

"मुलं वळतात. तुला ती वळायला हवी आहे, म्हणून तुला जास्त वळलेली दिसते. कावीळ झाली की सगळं पिवळं." मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "मी नाही म्हणत नाहीये. पण बैठकीत मला विचारतील, कशावरून? तेव्हा तुझे लाल झालेले गाल दाखवू का त्यांना?"

कॅमेरेवालीला राग आला. मग तिच्या लक्षात आलं की बाई बरोबर बोलत होत्या, आणि तिला आणखी राग आला.

"पुठ्ठा," शास्त्री दारातून म्हणाला.

"काय?"

"पुठ्ठा लावू. पडद्याच्या अर्ध्या भागावर. एकानं फक्त बापाचा हात बघायचा, ठोकलं की खूण. दुसऱ्यानं फक्त मुलगी बघायची, वळली की खूण. आवाज बंद. कुणी कुणाचा कागद बघायचा नाही. मग दोन्ही कागद शेजारी ठेवू."

"आणि मुलगी बघणारं माणूस हे घर ओळखणारं नको," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरासा बदलला होता. "हिशेबातल्या बाईंना बोलवा. त्यांना मुलं आवडत नाहीत. उत्तम."

हिशेबातल्या बाई आल्या, बसल्या, सगळ्या जुन्या फिल्मा पाहिल्या. "ही पोर सारखी कुणाकडे बघते?" एवढंच विचारलं. ते त्यांना सांगायचं नव्हतं. शास्त्रीनं त्याच फिल्मांत पुठ्ठ्याची दुसरी बाजू पाहिली, फक्त बापाचा हात.

कागद शेजारी ठेवले.

उघड्या फळीवर ठोका, आणि जवळजवळ दर वेळी लगेच वळणं. मधेच एकदोनदा ती वळली नव्हती. ते मोजाच, मॅडम म्हणाल्या, लपवू नका. मोजलं. तेव्हा ती पायातला मोजा ओढत होती. मोज्यापुढे कुणाचंच चालत नाही. आणि गादी अंथरलेली असताना? ठोके होते. वळणं नव्हती. कागद रिकामा.

हिशेबातल्या बाईंनी दोन्ही कागदांवरून बोट फिरवलं. "जुळतंय की," त्या म्हणाल्या, आणि जमाखर्च जुळल्यावर येतं तसं हसू त्यांच्या तोंडावर आलं.

मोठ्या मॅडम उठल्या. "एक भेट. आधी गादी काढलेली, मग घातलेली, मग परत काढलेली. त्याला आधी काही सांगायचं नाही, तूही खुणा करायच्या नाहीत. ती वळली नाही, तर तोंडातून ब्र काढायचा नाही."

"आणि वळली तर?"

"तर मी काढीन."

सुरू

खोली. गादी गुंडाळून दाराबाहेर. नुसत्या लाकडी फळ्या. कॅमेऱ्यामागे कॅमेरेवाली, दारातल्या काचेमागे मोठ्या मॅडम आणि शास्त्री.

मावशी ठिणगीला ठेवून गेल्या. सुतार आत आला. वाकला, कोपरा धरायला. कोपरा नव्हता. त्यानं कॅमेरेवालीकडे पाहिलं. तिनं कॅमेऱ्यात डोळा खुपसला.

तो बसला. हात मांडीवर.

हात मांडीवरच.

ठोक ना, कॅमेरेवाली मनात म्हणाली. अहो, ठोका!

त्यानं ठोकलं नाही. आणि तिला आठवलं. मागच्या भेटीत निघताना ती प्रेमानं म्हणाली होती, हात जरा शांत ठेवा हं, म्हणजे मुलीचं लक्ष तुमच्या चेहऱ्याकडे जाईल. माणूस ऐकणारा होता. त्यानं ऐकलं होतं.

काचेमागे शास्त्रीनं डोक्याला हात लावला. सांगता येत नव्हतं. सांगितलं तर पुराव्याचं पाणी झालं.

ठिणगी ठोकळ्यात. बाप गप्प. ठोकळा, बाप. ठोकळा, बाप. फिल्म अशीच संपणार होती, जुन्या सगळ्या फिल्मांसारखी.

मग ठिणगीनं तळहात जमिनीवर ठेवला. फळी चाचपली. जणू जुनी ओळखीची गोष्ट हाताला लागली.

थप.

सुताराची मान वर आली.

थप थप.

त्यानं कॅमेरेवालीकडे बघितलं. परवानगी मागितली डोळ्यांनी. तिला ओरडायचं होतं. ती खांबासारखी उभी राहिली. तो पुन्हा मुलीकडे वळला, आणि हात मांडीवरून खाली आला.

ठक ठक.

ठिणगी खुदकन हसली. थप! ठक. थप थप! ठक ठक. ती रांगत त्याच्या पाठीमागे गेली, त्याला दिसणार नाही अशी बसली, आणि एक जोरात, थप! त्यानं मागे न बघता उत्तर दिलं. ठक! ती खिदळली. पुन्हा! उत्तर! तिनं ठोकळा आपटला, त्यानं कोपर. तिनं दोन्ही पाय, त्यानं दोन्ही तळवे. खोली पडघमासारखी वाजायला लागली. मूल मागतंय, बाप देतोय, एकही फुकट जात नाहीये, एकही! ती सगळी फिल्म आजही किंचित हलते.

शास्त्री गादी घेऊन आत आला. ठरलं होतं. त्यानं ती अंथरली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि बाहेर गेला. बाहेर जाताना त्याचं तोंड चोराचं झालं होतं.

ठिणगीनं गादीवर हात आपटला. काही नाही. बापानं आपटला. काही नाही. तिनं बापाकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं. मग ती उठली, डुलत डुलत भिंतीपाशी गेली, खाली बसली, आणि दोन्ही मुठींत गादीचा कोपरा धरून ओढायला लागली.

जाड गादी. दीड वर्षाचे हात. चेहरा लाल. कोपरा बोटभर वर आला, सुटला. तिनं पुन्हा धरला.

दार उघडलं. मोठ्या मॅडम आत. पायात चपला तशाच. त्यांनी वाकून तो कोपरा धरला आणि ठिणगीबरोबर ओढला.

"मॅडम!" शास्त्री मागून. "थांबा! तुम्ही मधे यायचं नव्हतं. आता ही पाळी बाद!"

"बाद कर! पुढची मोज. ती काढायचीच पाळी आहे ना?"

"हो, पण..."

"मग धर दुसरं टोक!"

थप, केलं ठिणगीनं, उघड्या फळीवर.

ठक.

थांबव

त्या आठवड्यात कॅमेरेवालीनं सुताराला फिल्म दाखवली. फक्त जमलेले क्षण. पहिल्यांदाच कापायला काहीतरी होतं. खरं तर इतकं होतं की काय ठेवावं ते कळेना.

तो पुढे वाकून बघत होता. पडद्यावरची ठिणगी त्याच्या पाठीमागून थप करायची आणि तोंडावर हात घेऊन वाट बघायची. हे त्याला माहीतच नव्हतं. ते त्याच्या पाठीमागे घडलं होतं.

"वाट बघते," तो म्हणाला.

"तुमची."

त्यानं बाहीनं नाक पुसलं.

"तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलंत, दादा?"

"तुम्ही विचारलंत, ताई, मुलीशी बोलता का. मी म्हटलं नाही. बोलत नाहीच मी. ठोकतो." जरा थांबून म्हणाला, "आणि गादी तुमची. दुसऱ्याच्या घरात किती दुमडायची?"

मग कॅमेरेवालीनं पुढचं सांगितलं. ठोक्यानं ती वळते, म्हणजे तुमच्याकडे बघते. त्याच वेळी एक शब्द ठेवा. लांबलचक नको. ठोका, ती वळली की शब्द. कुठला, ते तुम्ही ठरवा.

पुढच्या भेटीत त्यानं फळी ठोकली. ठिणगी वळली. त्यानं घसा खाकरला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि एका दीड वर्षाच्या मुलीला भर सभेत भाषण करावं तसं तो म्हणाला, "ठोकळा."

पुढे

बैठकीत निर्णय देणारे तिघं होते. मधल्या अध्यक्षबाईंनी फिल्म पाहिली, कागद पाहिले, परत फिल्म पाहिली. सुतार भिंतीपाशी खुर्चीच्या टोकावर बसला होता.

"हे सुंदर आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण मूल बोलेल का?"

मोठ्या मॅडमनी कॅमेरेवालीकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं! तोंडाशी आलं होतं.

"ते मला अजून माहीत नाही," कॅमेरेवाली म्हणाली. "बाप मुलीला उत्तर देतो, एवढं सिद्ध झालंय. पुठ्ठा लावून, गादी घालून, काढून. शब्दांचं काम आत्ता सुरू झालंय. घरी फिल्म काढत राहू. नाही जमलं तर तेही तुमच्यासमोर आणू."

"आधीचे गुण शून्य होते."

शास्त्री उभा राहिला. "ते माझे, बाई. मान खाली घालून दिलेले. आता मान वर करून परत दिलेत, मागच्या सगळ्या फिल्मांना. आणि केंद्रातल्या बाकी फिल्माही परत बघायला घेतल्यात, आवाज बंद करून."

तिघं आतल्या खोलीत गेले. दार लागलं. सुताराची बोटं खुर्चीच्या हातावर होती, न वाजता.

दार उघडलं तेव्हा अध्यक्षबाईंनी कुणाकडे न बघता आधी त्याच्याकडे बघितलं. "घरी न्या तिला. या ताई दर आठवड्याला येतील. आणि त्या सांगतील ते ऐका." मग कॅमेरेवालीकडे वळून, "पण सगळंच नको, काय?"

सुरू

सुताराचं घर वरच्या मजल्यावर. जमीन लाकडी, एका टोकाला पाऊल टाकलं तर दुसऱ्या टोकाला पातेली किणकिणतात. मावशी ठिणगीची पिशवी घेऊन दारात, रडू येऊ नये म्हणून भांडत होत्या: टोपी विसरू नका, दूध कोमट द्या, माझ्याकडे पाठवत जा अधूनमधून, मेली सवय लागलीय. कॅमेरेवालीच्या खांद्याला कॅमेरा होता, पिशवीत.

ठिणगी उंबऱ्यात उभी राहिली. घर बघितलं. छोटी खाट बघितली. मग मधोमध जाऊन फतकल मारली आणि दोन्ही तळहात जमिनीवर आपटले.

थप!

स्वयंपाकघरात पाणी वाहत होतं. आतलं माणूस इकडे पाठ करून उभं होतं, आणि त्याला जन्मात कधी काही ऐकू आलेलं नव्हतं.

नळ बंद झाला. हात पुसत पुसत आजी बाहेर आली.